टँकमधली भाऊबंदकी

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच रडगाण्याची आहेत. ताई, मासे भांडतायत. आणि तक्रार फायटरची किंवा फ्लॉवरहॉर्नची नाही, ते तर भांडायलाच जन्माला आलेत. तक्रार आहे ती ‘ग्रुपमध्ये राहतात, शांत असतात’ असं सांगून दुकानदाराने गळ्यात मारलेल्या माशांची. म्हणून यावेळी व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग), हिरवं पाणी वगैरे बाजूला ठेवून फक्त भांडणंच घेतली आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्याकडे दोन फुटी टँक आहे (२ × १ × १), त्यात पाच टायगर बार्ब, एक एंजल आणि दोन गोरामी आहेत. पाचातला एक बार्ब जरा मोठा आहे, नाक लालभडक, मुलीने त्याचं नाव दाद्या ठेवलंय. या दाद्याने एंजलची शेपटी कुरतडून झाडूसारखी केली आणि आता स्वतःच्याच जातीतल्या सगळ्यात लहान बार्बच्या मागे लागलाय. तो बिचारा दिवसभर फिल्टरच्या मागे लपून बसतो, खायला पण येत नाही. दाद्याला काढून दुकानात परत देऊ का? घरात मतभेद आहेत, आई म्हणते भावंडं भांडतात तसं आहे, होईल आपोआप शांत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आईंचं अर्धं बरोबर आहे, भावंडांचंच भांडण आहे हे. पण आपोआप शांत होणार नाही.

आणि दाद्याला काढू नका. म्हणजे काढलात तरी चालेल पण उपयोग शून्य, हे मी स्वतः करून बसलेय म्हणून सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे सहा टायगर बार्ब होते आणि त्यात असाच एक दादा. वैतागून मी त्याला उचलून दुसऱ्या टँकमध्ये टाकला, दोन दिवस घरात एकदम शांतता, मी खूश. आठवड्याभरात दोन नंबरवाला दादा झाला, पहिल्यापेक्षा खुनशी. त्यालाही काढला. मग तिसरा तयार. शेवटी चार दादा एका टँकमध्ये आणि दोन बार्ब दुसरीकडे, त्या दोघांपैकी एकाने दुसऱ्याला इतकं पिडलं की तो मेला आणि उरलेला एकटा काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर धडका मारत बसला. तेव्हा कळलं की गडबड माशात नव्हती, सहा या आकड्यात होती.

म्हणजे कसं बघा, टायगर बार्ब हा सुमात्रा-बोर्निओकडचा मासा, तिकडे नद्या-ओढ्यांमध्ये झुंडीने राहतो आणि या झुंडीत कायम कोण वर कोण खाली हे ठरवणं चालू असतं. कोंबड्यांमध्ये कोण कोणाला चोच मारणार हे ठरलेलं असतं ना, तसंच. हे ठरवायला पाठलाग, टोचणं, पंख फुलवून अंगावर जाणं हे सगळं त्यांना करावंच लागतं, तो त्यांचा दिवसभराचा उद्योग आहे. आता झुंडीत बारा जण असले तर दादाचं एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून पाचव्याकडे लक्ष जातं, मधेच कोणी तिसराच घुसतो, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो आणि म्हणूनच कोणालाही फार लागत नाही. पाचच असले तर चार जण ठरलेल्या जागा पकडतात आणि पाचवा कायमचा मार खाणारा होतो. तुमच्या फिल्टरच्या मागे बसलाय तो हाच पाचवा. तो मेला तर चौथ्याचा नंबर लागेल.

घरचे लोक विचारतात की मग खेळतायत का मारतायत हे कळणार कसं. दोन सारख्या आकाराचे बार्ब शेजारी शेजारी, पंख ताणून, गोल गोल फिरत असतील, रंग चकाकत असतील आणि मिनिटभरात दोघं आपापल्या वाटेने गेले तर ती तालीम समजा, बघत बसा, मजा येते. पण तोच तो मासा रोज कोपऱ्यात, हीटरच्या मागे किंवा पाण्याच्या अगदी वरच्या थरात अडकलाय, काळे पट्टे फिके पडलेत, खाणं टाकल्यावरही पुढे येत नाही, पंखांच्या कडा फाटल्यात, एखादा खवला उडालाय, तर ती तालीम नाही.

खवला उडाला की अजून एक भानगड होते जी आपल्याला दिसत नाही. मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल १९७३ साली ज्यांना नोबेल मिळालं ते कार्ल फॉन फ्रिश, त्यांनी १९३८ साली छोट्या मिनो माशांवर काम करताना पाहिलं की एका माशाची कातडी फाटली की त्यातून पाण्यात काहीतरी उतरतं आणि आजूबाजूचे त्याच जातीचे मासे घाबरून सैरभैर होतात. बार्ब, टेट्रा, डॅनिओ ही सगळी त्याच मोठ्या खानदानातली मंडळी. त्यामुळे एक मासा जखमी झाला की घाबरतो तो सगळा टँक, आणि घाबरलेले मासे अजून चिडचिडे. जखमीला आधी वेगळं करा म्हणते ते दयेपोटी कमी आणि बाकीच्यांसाठी जास्त.

आता तुमचं करायचं काय. आजच्या आज एंजल बाहेर. लांब झिरमिळ्या पंखांचा कोणताही मासा, एंजल, गप्पी, फायटर, हे बार्बच्या समोर म्हणजे मांजरासमोर लोंबणारी दोरी. गोरामीच्या खालच्या त्या दोऱ्यासारख्या मिशा असतात ना, त्याही उद्या जातील. एंजलला वेगळ्या टबमध्ये स्वच्छ, क्लोरीन काढलेलं पाणी आणि हवेचा दगड लावून ठेवा, लिटरला एक ग्रॅम या हिशोबाने खडेमीठ टाकलं तरी चालतं. पंखाचं मूळ शाबूत असेल तर काही आठवड्यात शेपटी परत येते, आधी पारदर्शक पापुद्रा दिसेल, तो किडलेला नसतो, नवीन असतो. कडांना कापसासारखं पांढरं दिसलं तरच मिथिलीन ब्लू हे निळं औषध, आणि ते टबमध्येच, मेन टँकमध्ये नको, फिल्टरमधले चांगले जंतू मरतात आणि कोपऱ्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं (माझं झालंय, पाहुणे अजून विचारतात).

मग आकडा. आणि इथे तुम्हाला न आवडणारं सांगावं लागणार. एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी, म्हणजे तुमचा टँक वरपर्यंत भरला तर ५६, वाळू-दगड आणि वरची मोकळी जागा वजा करून हातात ४५-४८ लिटर. यात दहा टायगर बार्ब मावणार नाहीत, सहा-सात सेंटीमीटरचा मासा होतो तो आणि पोहतो कसा, तर सुसाट. ग्रुप वाढवा ग्रुप वाढवा असं सगळेच सांगतात पण छोट्या टँकमध्ये वाढवला तर भांडण कमी होण्याआधी पाण्यात अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) वाढेल. तेव्हा दोनच रस्ते. एक, तीन फुटी टँक घ्या, तीन बाय सव्वा बाय दीड, साधारण दीडशे लिटर, त्यात फक्त बार्ब, दहा ते बारा, आणि बघा काय दृश्य दिसतं ते. स्टँड मात्र मजबूत घ्या, नुसतं पाणीच दीडशे किलो आहे, टीव्हीच्या शोकेसवर ठेवू नका. दोन, ते जमत नसेल तर पाचही बार्ब दुकानात परत. बहुतेक दुकानदार पैसे देत नाहीत पण मासे घेतात. एंजलचं म्हणाल तर तोही मोठा झाला की पंखांसकट वीतभर उंच होतो आणि तुमचं पाणीच जेमतेम फूटभर खोल, त्यामुळे त्याचंही लाँग टर्ममध्ये काही खरं नाही. दुकानात हा हिशोब कोणी सांगत नाही हे खरं, आणि त्याचा मला राग येतो.

मोठा टँक घेतलात तर नवीन बार्ब आणल्या आणल्या सोडू नका, दोन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा, नाहीतर भांडणाऐवजी व्हाइट स्पॉटचं पत्र लिहाल मला. मग ज्या दिवशी सोडायचे त्या दिवशी आधी दगड, लाकूड, झाडं सगळ्यांच्या जागा बदला. दाद्याला वाटत असतं ती माझी गल्ली, ती गल्लीच हलवून टाकायची. लाइट बंद करा आणि मग सोडा. एकेक करून कधीच नाही, एकटा नवीन आला की सगळे त्याच्यावर तुटून पडतात, निदान तीन-चार एकदम. आठवड्याने पुढचे तीन-चार. त्या काळात खाणं थोडं कमी आणि पाणी जरा जास्त बदला, म्हणजे फिल्टरवर लोड येत नाही. आणि दाद्याला हवं तर या दिवसात आठ दिवस टबमध्ये सुट्टीवर पाठवा, परत येईल तेव्हा तोच नवीन असेल. एवढ्यापुरतं त्याला काढणं कामाचं आहे.

प्रश्न : ताई, माझे सहा रोझी बार्ब आहेत, एकापेक्षा एक लाल, फक्त एक जरा फिका सोनेरी आहे आणि सगळे त्याच्याच मागे लागतात. फिका म्हणून कमजोर असेल का? एप्रिलपासून फार वाढलंय, टँकचं टेम्परेचर ३२-३३ जातं. (नागपूर)

उत्तर : तो फिका ‘तो’ नाहीये, ती आहे. रोझी बार्बमध्ये लाल नर आणि सोनेरी-रुपेरी मादी, आणि आपण दुकानात बोट कोणावर ठेवतो तर लालवर, हा लाल द्या, तो लाल द्या. घरी येतात ते पाच नर, आणि चुकून जाळीत आलेली एक मादी. पाच जण एकीच्या मागे दिवसभर, तिला श्वास घ्यायला फुरसत नाही. हे भांडण नाहीच मुळात, पण ती याने मरू शकते. अजून पाच-सहा माद्या आणा आणि जमलं तर दोन-तीन नर कोणाला तरी देऊन टाका, एका नराला दोन माद्या हे गणित धरा. दुकानात सगळ्यात बेरंग दिसतील त्या मागा, दुकानदार खुशीने देईल.

उन्हाळ्याचं तुम्ही बरोबर पकडलंत. हा मासा आपल्या उत्तर भारतातला, नेपाळ-बांगलादेशाकडचा (हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टर साहेबांनी १८२२ साली गंगेतल्या माशांची जी नोंद केली त्यात हा पण आहे आणि आपला झेब्रा डॅनिओ पण), याला थंड पाणी मानवतं, २० ते २४. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि माशाचं शरीर मात्र जास्त मागतं. बर्फाच्या बाटल्या टाकू नका, एकदम खाली एकदम वर होतं. टँकचं झाकण काढून वर जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका टेबलफॅन लावा. बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री सहज उतरतात, तुमच्या कूलरचंच तत्त्व. नागपूरच्या कोरड्या हवेत हे मस्त चालतं, आम्हा मुंबईकडच्यांना घामट हवेत निम्माही फायदा होत नाही. पाणी रोज थोडं उडेल ते क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरत जा.

प्रश्न : तुम्ही नेहमी सांगता दहा घ्या म्हणून सर्पे टेट्रा दहा घेतले, टँक तीन फुटी, झाडं भरपूर, तरी खायला टाकलं की एकमेकांना चावतात. आता काय वीस घेऊ? (पुणे)

उत्तर : टोमणा पोचला. नाही, वीस नको. सर्पे हा टेट्रांमधला मिरचीचा ठेचा आहे, दक्षिण अमेरिकेतला हा लाल मासा निऑन टेट्रासारखा गरीब नाही, खाण्यावरून तो चावणारच, तुमचं काही चुकलेलं नाही. फक्त खाणं कसं टाकता ते बघा. एका कोपऱ्यात एक चिमूट टाकत असाल तर तिथे रेशनच्या लायनीसारखी झुंबड होते. दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका, एका हाताने फ्लेक वर आणि दुसऱ्या हाताने खाली बुडणारे बारीक पेलेट, म्हणजे गर्दी फुटते. दिवसातून एकदा भरपूरऐवजी दोन-तीनदा थोडं थोडं. दोन मिनिटात संपलं पाहिजे. तरी अधूनमधून एखाद्याचा पंख फाटेल, तो भरूनही येईल. आणि यांच्यात गप्पी कधी टाकू नका, मैत्रिणीने आग्रह केला तरी.

प्रश्न : आमच्या घरामागच्या ओहोळातून मुलाने आठ मासे आणले, अंगावर निळे-पिवळे पट्टे, चांगले बोटभर लांब. ओहोळात पन्नास-पन्नास एकत्र गुण्यागोविंदाने फिरतात, मग टँकमध्ये आणल्यावरच का मारामारी? एक तर उडी मारून बाहेर पडला. (सावंतवाडी)

उत्तर : वर्णनावरून मलबार डॅनिओ किंवा त्याचाच भाऊबंद वाटतोय, सह्याद्रीच्या ओढ्यांमध्ये भरपूर असतात, उडी मारण्यात पटाईत. झाकण आजच बसवा, वायरसाठी ठेवलेल्या फटीतून सुद्धा जातात.

तुमचा प्रश्न मात्र फार छान आहे. ओहोळात भांडत नाहीत असं नाही हो, तिथेही भांडतात, आपल्याला वरून दिसत नाही एवढंच. फरक असा की तिथे हरलेला मासा पळतो, दगडामागे जातो, दिसेनासा होतो, आणि दिसेनासा झाला की जिंकणाऱ्याच्या दृष्टीने विषय संपला. टँकमध्ये तो पळतो आणि काचेला धडकून परत त्याच्याच समोर येतो. हरलेला समोरून जात का नाही, हे जिंकलेल्याला कळत नाही, त्याला वाटतं अजून खुमखुमी आहे, मग परत मार. म्हणून मी झाडं लावा, उभी लाकडं ठेवा म्हणते ती नुसती शोभा नसते. टँकच्या एका टोकाला उभं राहून दुसरं टोक सरळ दिसत असेल तर माशालाही दिसतंय. मधे दोन-तीन ठिकाणी वॅलिसनेरियाचं दाट झुडूप, नाहीतर प्लास्टिकची झाडं सुद्धा चालतील, नजर तुटली पाहिजे. वर पॉवरहेडने (टँकमधला छोटा पंप) एका दिशेने जोरात धार सोडा, हे मासे धारेविरुद्ध पोहण्यात इतके गुंततात की भांडायला सवड उरत नाही, तुम्हीच बघा पंप चालू करून, पाच मिनिटात सगळे एका रांगेत तोंड करून उभे राहतील.

पण चार फुटाच्या आत यांना ठेवण्यात अर्थ नाही. तेवढा टँक नसेल तर मुलाला समजावून, जिथून आणले त्याच जागी सोडून या, फक्त एक अट, टँकमध्ये बाजारातले मासे असतील तर सोडू नका, त्यांचे रोग ओहोळात जातात. आणि इथून पुढे ओढ्यातून आणणं टाळलेलंच बरं. मिस केरळ म्हणून जो लाल पट्ट्याचा देखणा बार्ब मिळतो तो केरळ-कर्नाटकातल्या मोजक्याच नद्यांमधला, टँकवाल्यांसाठी इतका उपसला की आज धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत आहे.

प्रश्न : गुलाबी आणि हिरवे विडो टेट्रा आणले, दोन महिन्यात रंग उडाला आणि आता चावतात पण. रंग उडाल्याने चिडले का? (कल्याण)

उत्तर : रंग उडाला कारण तो त्यांचा नव्हताच, बरेचदा रंगात बुडवून नाहीतर सुईने टोचून देतात. मूळचा मासा काळा-करडा. आधी त्या छळाने अर्धमेले होते म्हणून गप्प होते, आता बरे झाले म्हणून विडो टेट्रासारखे वागतायत. किती आहेत ते लिहिलं नाहीत, आठच्या आत असतील तर काळे विडो आणून आठ-दहा करा, एकमेकांना ओळखतात ते, रंगाचं काही अडत नाही. रंगवलेले मात्र परत घेऊ नका.

प्रश्न : ताई, अर्जंट! रात्री दोनला पाणी प्यायला उठलो, लाइट लावला तर बाराच्या बारा टायगर बार्ब डोकं खाली शेपटी वर करून लटकलेले, हलत नव्हते. कोणी मारामारी करून मारले का? सकाळी सगळे ठीक होते. (ठाणे)

उत्तर : झोपले होते. टायगर बार्ब असेच झोपतात. लाइट लावत जाऊ नका.